सोळा : चार घड्यांची संख्या

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी सुताची गुंडी बाहेर निघते. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. तीन दिवसांचा सण. पहिल्या दिवशी आगमन, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या लागतात, ज्वारीची आंबील लागते, पुरण लागतं. आणि लागतो सोळा पदरांचा, सोळा गाठींचा दोरा.

हा दोरा सासूबाई करतात. गेल्या वर्षी माझी सातवीतली मुलगी त्यांच्या शेजारी बसून बघत होती. सासूबाईंनी गुंडीतून लांबलचक सूत ओढून तोडलं. दोन्ही टोकं जुळवली, मधली घडी अंगठ्यात अडकवून ताणली. झाले दोन पदर. पुन्हा टोकं जुळवली, चार. पुन्हा, आठ. पुन्हा, सोळा. मग मांडीवर घासून पीळ दिला आणि हळदीच्या पाण्यात बुडवला. पोरगी म्हणाली, "आजी, तू पदर मोजलेच नाहीस." सासूबाई म्हणाल्या, "मोजाले काय लागते बाई? चार येळा दुमडला का झाले सोळा."

मी शाळेत गणित शिकवते. दोनाचा चौथा घात सोळा, हे फळ्यावर समजावायला मला अख्खी तासिका लागते, आणि तरी निम्म्या वर्गाच्या डोक्यात दोन चोक आठच राहतं. सासूबाईंनी ते चार घड्यांत दाखवलं. घडी चार, पदर सोळा. घडी घातली की पदर वाढतात ते दोनानं नाही, दुपटीनं. म्हणून दोन गुणिले चार नव्हे, तर दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. त्या दिवसापासून मी वर्गात सुताचा तुकडा घेऊन जाते. तो हातात असला की घातांकाची भीती अर्धी होते.

सोळा ही संख्या आपल्या भागात इतक्या ठिकाणी भेटते की तिचं आपल्याला काही वाटेनासं झालंय. सोळा आणे खरं, सोळा आणे पीक, सोळा सोमवार, सोळा संस्कार, सोळा उपचारांची पूजा. हे सगळं एकाच मुळातून आलं असा दावा मी करणार नाही. पण या संख्येचा एक स्वभाव आहे. तो कळला की ती बाजारात, बांधावर आणि देवघरात का रुजली हे बरंचसं उलगडतं.

निम्मं करणं हाताला जमतं

भाकरीचे दोन सारखे तुकडे कुणीही करतं. त्या तुकड्याचे पुन्हा दोन केले की चतकोर. पण भाकरीचे पाच सारखे तुकडे करून बघा. डोळा फसतो, हात चुकतो, एकाला जास्त जातं आणि ताटावर भांडण होतं. निम्मं करायला माप लागत नाही. दोन भाग समोरासमोर ठेवले की जास्त कोणता ते दिसतं. पाचवा हिस्सा मात्र आधी मोजावा लागतो, मग कापावा लागतो.

आपली भाषाच याची साक्ष देते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. अर्ध्याला आणि अर्ध्याच्या अर्ध्याला आपल्याकडे सुटे, रोजच्या तोंडातले शब्द आहेत. पाचव्या हिश्शाला काय आहे? 'एक पंचमांश', आणि तोही पुस्तकातून आलेला. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ असायचे. औट म्हणजे साडेतीन. हिशेबाच्या जुन्या वह्यांत १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. एक दांडी म्हणजे एक पाव, एवढं साधं.

आता हीच निम्मं करायची रीत चार वेळा चालवा. पूर्ण, अर्धा, पाव, अर्धपाव आणि त्याचा अर्धा. या शेवटच्या तुकड्याला वजनात म्हणायचं छटाक आणि पैशात म्हणायचं आणा. सोळा छटाकांचा शेर, सोळा आण्यांचा रुपया.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा, दोन पारड्यांचा. वजनं पाचच: छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. छटाकांत सांगायचं तर १, २, ४, ८ आणि १६. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. या पाचांत कुठलंही वजन दोनदा ठेवावं लागत नाही, तरी एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत काहीही तोलता येतं. तेरा छटाक गूळ हवा? अच्छेर, पावशेर आणि छटाक, म्हणजे ८ अधिक ४ अधिक १. अकरा हवा? ८ अधिक २ अधिक १. आणि गंमत अशी की प्रत्येक वजनाची मांडणी एकच निघते, दुसरी निघतच नाही. मुलांना कागदाचे पाच तुकडे द्या, त्यांवर हे आकडे लिहा आणि एक ते एकतीस करून बघायला सांगा. मी दर वर्षी सांगते. एकवीसला वर्ग थोडा अडतो, मग कुणीतरी ओरडतं, "सोळा, चार अन् एक!"

नीट बघा, पहिली चार वजनं, म्हणजे छटाक ते अच्छेर, सगळी एकत्र ठेवली तर किती होतात? १, २, ४, ८ यांची बेरीज १५. शेराला एक छटाक कमी. पूर्ण व्हायला आणखी एकच लागतो. हे पंधरा आणि एक लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या मापात ९३३ ग्रॅमच्या आसपास. चाळीस शेरांचा मण, म्हणजे साधारण सव्वासदतीस किलो. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि पुढच्या काही वर्षांत शेर बाजारातून उठला. पण 'छटाकभर' आणि 'शेरास सव्वाशेर' तोंडातून उठले नाहीत.

चाराणे का टिकले

१ एप्रिल १९५७ ला रुपया शंभर पैशांचा झाला. त्याआधी तो सोळा आण्यांचा होता, आणा चार पैशांचा किंवा बारा पैंचा. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. नव्या पैशाला काही वर्षं 'नवा पैसा'च म्हणत. १९६४ पासून नुसता पैसा.

आता एक प्रश्न. आणे जाऊन साठ वर्षांच्या वर झाली. तरी आपण अजून चाराणे म्हणतो, आठाणे म्हणतो, क्वचित बाराणेही म्हणतो. पण पाच आणे, सात आणे, तेरा आणे आज कुणाच्या तोंडी ऐकलेत? हे तीनच का वाचले?

उत्तर गणितात आहे. शंभर पैशांचे सोळा भाग केले तर एक आणा येतो सव्वासहा पैशांचा. सव्वासहा पैशांचं नाणं पाडता येत नाही. म्हणून तेव्हाच्या तक्त्यात एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे म्हणजे १२ आणि तीन आणे म्हणजे १९ असं धरलं होतं. जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा, काही अंश इकडे तिकडे. दोन वेळा एक आणा दिला तर १२, तीन वेळा दिला तर १८, आणि एकदम तीन आणे दिले तर १९. दुकानात यावरून किती वाद झाले असतील याची कल्पना करा. पण चार आण्यांचे बरोबर २५ होतात, आठ आण्यांचे ५०, बारा आण्यांचे ७५. इथे काही उरत नाही.

सोळाचे विभाजक १, २, ४, ८, १६. शंभराचे विभाजक १, २, ४, ५, १०, २०, २५, ५०, १००. दोघांत सामाईक असलेला सगळ्यात मोठा आकडा चार. मसावि चार. म्हणून जुना रुपया आणि नवा रुपया फक्त चौथ्या हिश्शांवर एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीच्या जागीच जुनी नावं टिकून राहिली. मसावि म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. नाणं गेलं, चाराणे मात्र बोलण्यात आहेत.

बांधावरचा सोळा

आमच्या गावात शेताचा हिस्सा अजूनही आण्यांत सांगतात. "त्याचा त्या वावरात चार आने हिस्सा हाय," म्हणजे पाव. वावर दोन एकरांचं असो की वीस, पूर्ण ते सोळा आणे. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकरामागे आण्याला अडीच गुंठे. हा हिशेब म्हाताऱ्या माणसांना पाठ असतो.

चार भाऊ असले तर चार-चार आणे. त्यातल्या एकाला दोन मुलं झाली तर दोन-दोन. तिथवर सोळा शहाण्यासारखा वागतो. पण तीन वाटेकरी आले की अडतो. सोळाला तिनानं भाग जात नाही. इथेच जुन्या माणसांनी बारा पैंचा आणा का केला असेल ते कळतं. सोळा गुणिले बारा, १९२. याला तिनानं भाग जातो, ६४ येतात. ६४ पै म्हणजे पाच आणे चार पै. तीन जणांना बरोबर पाच आणे चार पै, उरलं शून्य. सोळात तीन नव्हता, तो बारानं आणून दिला. आज आपण तेच तीन हिस्से शंभरात लिहितो तेव्हा ३३.३३ लिहून थांबतो आणि शेवटचा एक शतांश कुणाच्याच नावावर लागत नाही.

तीन वाटेकरी हा प्रश्न आता जास्त येतो, आणि येवो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे तीन. पाच आणे चार पै तिचेही आहेत. हे मी वर्गात मुद्दाम याच शब्दांत सांगते, आणि मुली ते वहीत लिहून घेतात.

सुताची घडी आणि जमिनीची वाटणी हे एकाच गणिताचे दोन चेहरे आहेत. सूत चार वेळा दुमडलं की एकाचे सोळा पदर. जमीन चार पिढ्या दोन-दोन वारसांत वाटली की सोळा एकरांचा एक एकर. सोळा, आठ, चार, दोन, एक. पणजोबांच्या वडिलांकडे सोळा एकर कोरडवाहू असली तर खाऊन-पिऊन सुखी घर होतं. आज त्याच घरातला मुलगा एका एकरात कपाशी आणि तुरीच्या ओळी लावतो. कुणी उधळलं नाही, कुणी विकलं नाही, नुसतं चारदा निम्मं झालं.

पिकाचंही तेच माप. पूर्ण पीक सोळा आणे. सासरे नोव्हेंबरात कपाशीच्या वावरातून आले की हातपाय धुता धुता म्हणतात, "यंदा पऱ्हाटी आठ आनेही नाई." कोणत्याही तक्त्यापेक्षा मला त्यातून जास्त कळतं. सरकारी भाषेत याचंच नाव आणेवारी, आणि पैसे आल्यावर पैसेवारी. गावातल्या पिकाचं यंदाचं उत्पन्न नेहमीच्या प्रमाण उत्पन्नाच्या किती टक्के आलं, ते पैशांत सांगायचं. पन्नास पैशांपेक्षा खाली गेली तर गाव टंचाईत धरलं जायचं. पन्नास पैसे म्हणजे आठ आणे, सोळाची पहिली घडी. आमच्या नागपूर-अमरावती विभागांत सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी येते. कापसाची वेचणी तर त्यानंतरही चालू असते. ४९ आणि ५१ यांत रानात काही फरक दिसत नाही, कागदावर मात्र तो सवलतीचा फरक असतो. २०१६ मध्ये केंद्रानं नवी दुष्काळ संहिता आणली. तिच्यात पावसाची तूट, पेरणीचं क्षेत्र, पिकाची हिरवाई, जमिनीतला ओलावा असे निर्देशांक आले. ते यायलाच हवे होते. पण पारावर बसलेल्या माणसाला 'किती आणे' एवढंच विचारलं तर तो आजही अचूक सांगतो.

गणितात तिची जागा

आता थोडं निव्वळ गणित. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात आणि चाराचा दुसरा घातही. २ चा घात ४ आणि ४ चा घात २, दोन्ही सोळाच. आकडे उलटे केले तरी उत्तर तेच, अशी वेगवेगळ्या पूर्णांकांची धन जोडी अख्ख्या गणितात ही एकच आहे. पडताळून बघा. २ चा घात ३ म्हणजे ८, ३ चा घात २ म्हणजे ९, चुकलं. २ चा घात ५ म्हणजे ३२, ५ चा घात २ म्हणजे २५, पुन्हा चुकलं. आणि पुढे तर जुळणारच नाही, कारण एक बाजू प्रत्येक पावलाला दुप्पट होते आणि दुसरी, वर्गांची बाजू, तेवढ्या वेगानं धावू शकत नाही. ३ आणि ४ घेतले तर ८१ आणि ६४. सोळापाशी हा काटा एकदाच बरोबर मधोमध उभा राहतो.

दुसरा गुण शेतकऱ्याला लगेच कळेल असा. समजा तुमच्याकडे सोळा काठ्या लांबीचं काटेरी तार आहे आणि परसातल्या भाजीला कुंपण घालायचंय. लांबी सात काठ्या आणि रुंदी एक ठेवली तर आत जागा सात चौरस काठ्या. सहा आणि दोन ठेवली तर बारा. पाच आणि तीन, पंधरा. चार आणि चार, सोळा. तार तेवढंच, पण चौकोन जसा सारखा होत गेला तशी जागा वाढली. सात चौरसात जेमतेम मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, होईल, सोळात वांगी आणि ढेमसंही बसतील. शिवाय चार बाय चारच्या चौरसात कुंपणाचा आकडाही सोळा आणि जागेचा आकडाही सोळा. पूर्णांकी बाजूंच्या आयतांत असा मेळ फक्त दोघांचा बसतो: चार बाय चार, आणि तीन बाय सहा, जिथे दोन्ही आकडे अठरा येतात. अर्थात काठीऐवजी फूट घेतले की आकडे बदलतील आणि मेळ मोडेल. पण तेवढ्याच तारेच्या सगळ्या चौकोनांत चौरसाला सगळ्यात जास्त जागा मिळते, हे कुठल्याही मापात खरं आहे.

तिसरी गोष्ट मुलांना सगळ्यात आवडते. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार ओळी, चार रकान्यांचा एक चौकोन कोरलेला आहे, त्यात १ ते १६ आकडे एकेकदाच:

७ – १२ – १ – १४
२ – १३ – ८ – ११
१६ – ३ – १० – ५
९ – ६ – १५ – ४

कुठलीही आडवी ओळ घ्या, उभी घ्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात जा, बेरीज चौतीस. शेजारशेजारचे कुठलेही चार आकडे चौकोनात धरा, चौतीस. म्हणून याला चौतिसा यंत्र म्हणतात. चौतीसच का? १ आणि १६ सतरा, २ आणि १५ सतरा, ३ आणि १४ सतरा, अशा आठ जोड्या. आठ गुणिले सतरा, १३६. चार ओळींत वाटले की ३४. आता सोळावर बोट ठेवा आणि तिरकं दोन घरं वर जा. एक सापडेल. सातपासून तिरकं दोन घरं खाली, दहा. पुन्हा सतरा. प्रत्येक आकड्याचा जोडीदार असा तिरका दोन घरांवर बसलेला आहे. नारायण पंडितानं १३५६ मध्ये 'गणितकौमुदी' लिहिली. तिच्यात 'भद्रगणित' नावाचं अख्खं प्रकरण अशा चौकोनांवर आहे.

संगणकाबद्दल थोडक्यात. त्याला आतून फक्त दोन गोष्टी कळतात, चालू आणि बंद. सुतासारखंच, दोनाच्या घड्या. चार चालू-बंद खुणांची सोळा रूपं होतात, म्हणून संगणकवाले सोळा अंकांत मोजतात. शून्य ते नऊ आपले नेहमीचे, आणि दहा ते पंधराला ए पासून एफ पर्यंत अक्षरं. मोबाइलच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग अशा सहा अंकांत लिहिता येतो, आणि सोळाचा सहावा घात करून बघितला तर एक कोटी सदुसष्ट लाखांवर रंग निघतात. महालक्ष्मीच्या सोळा भाज्यांचंही तसंच बघता येईल. पानात प्रत्येक भाजी घ्यायची किंवा नाही घ्यायची, एवढेच दोन पर्याय धरले तर पान वाढायच्या ६५,५३६ तऱ्हा होतात. त्यात एक तऱ्हा रिकाम्या पानाची, ती आमच्या घरी कुणाला मुभा नाही.

पंधरा आणि एक

चंद्राच्या सोळा कला म्हणतात. पण तिथी मोजल्या तर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधराच. मग सोळावी कुठली? बृहदारण्यक उपनिषदात याचं उत्तर आहे. पंधरा कला वाढतात आणि घटतात, सोळावी स्थिर असते. अमावास्येला सगळं गेलेलं दिसतं तेव्हा ती एक शिल्लक असते, आणि तिच्यापासून चंद्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतो.

छांदोग्य उपनिषदात तर याची गोष्टच आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की माणूस सोळा कलांचा आहे. पंधरा दिवस खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. मुलगा तसं करतो. सोळाव्या दिवशी बाप त्याला वेद म्हणायला सांगतो, तर त्याला एकही ऋचा आठवत नाही. उद्दालक म्हणतो, मोठ्या पेटलेल्या आगीतून काजव्याएवढा एकच निखारा उरावा तशी तुझी एक कला उरली आहे, तिच्यानं काही उजळत नाही. जा, जेव. मुलगा जेवतो आणि सगळं आठवतं. कारण त्या निखाऱ्यावर गवत घातलं की तो पुन्हा भडकतो.

चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. रात्री राखेत एक इंगळ दाबून ठेवायचा, सकाळी त्यावर पऱ्हाटीच्या काड्या धरायच्या. उपाशी पोटी आठवत नाही, हे तर शाळेत मी रोज बघते. मधल्या सुटीत खिचडी झाली की त्याच पोरांना पाढे येऊ लागतात.

पंधरा आणि एक. तराजूतही हेच होतं: चार वजनांचे पंधरा छटाक, आणि पूर्ण शेराला आणखी एक. घड्यांतही आहे. कागदाची पट्टी एकदा दुमडून उघडली तर एक चुणी दिसते. दोनदा दुमडली तर तीन, तीनदा सात, चारदा पंधरा. भाग सोळा, पण त्यांच्यामधल्या चुण्या पंधराच. कुंपणाच्या खांबांचा हिशेब करताना माणसं इथेच चुकतात, एक खांब कमी किंवा जास्त आणतात.

बोळवणीच्या दिवशी दोऱ्याला गाठी पाडायच्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, आता तू पाड. पोरीनं पिळलेला दोरा चार वेळा दुमडला, बोटांनी दाबला, उघडला आणि जिथे जिथे दबल्याची खूण होती तिथे गाठ मारत गेली. एकेका गाठीत आजीनं दिलेलं अडकवत होती: झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, हळकुंडाचा तुकडा. शेवटच्या खुणेवर आली तेव्हा तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पंधराच झाल्या. कुठंतरी चुकलं माझं."

सासूबाईंनी दोरा तिच्या हातातून घेतला, तिच्या गळ्याभोवती फिरवला आणि मानेमागे दोन्ही टोकांची गाठ मारली.

"हे घे सोळावी," त्या म्हणाल्या.